पायांवरचं न्हाणं

नत्थूजींनी चिमट्यात धरलेली मधमाशी बायकोच्या गुडघ्याला टेकवली. माशीनं इमानेइतबारे डंख मारला आणि वच्छलाबाई नेहमीप्रमाणे ओरडल्या, "अहो, मारता का मले!" नत्थूजी हसले. उमरेडला मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्या भैयाजीनं डबीत माश्या देताना सांगितलंच होतं, आधी झोंबते, मग सांधे मोकळे होतात. मागच्या दोन्ही खेपांना बाईंना आराम पडला होता.

हा सारा खटाटोप पाटावर बसता यावं म्हणून चालला होता. लेक दामिनीला आठवा महिना लागलेला. पाटावर पाय लांब करून बसायचं आणि नातवंडाला आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, हे वच्छलाबाईंनी मनाशी पक्कं धरलेलं. पण एकदा खाली बसल्या की त्यांना उठताच येईना.

नत्थूजींचं हसू ओसरलंही नव्हतं, तोच बाईंचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या. "श्वास..." एवढंच म्हणून त्या कलंडल्या. नत्थूजींच्या हातातला चिमटा गळून पडला. हे काय होऊन बसलं, त्यांना समजेना. शेजाऱ्याच्या ऑटोत रामदासपेठेतल्या दवाखान्यापर्यंत ते "वच्छला, वच्छला" करत राहिले. चारचौघांत बायकोचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं.

"आणखी उशीर झाला असता तर बाई हाती लागल्या नसत्या," इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर म्हणाले. "आधी सोसलं म्हणून पुढेही सोसेल, असं नसतं. आता एकही माशी चावता कामा नये."

संध्याकाळी पोट सांभाळत दामिनी आली. सगळं ऐकून ती खुर्ची ओढून आईजवळ बसली.

"काहून केलं वं आई असं?"

"बाळाले न्हाऊ कोन घातलं असतं?" वच्छलाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "टोंगळे वाकत नाही न माये."

"अवं, टेबलावर टब ठेवला असता! उभ्यानं घातलं असतं तू. मले एका शब्दानं विचारायचं तरी!"

नत्थूजींचा सारा जन्म हातमागावर विणण्यात गेला, मागाची ठोकपीटही त्यांनी स्वतःच केली. असलं टेबल त्यांनी एका दुपारी करून दिलं असतं. ते आपल्या हाताकडे बघत राहिले. याच हातानं माशी टेकवली होती, आणि वच्छला ओरडली तेव्हा आपण हसलो होतो.

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे हात पुढे केला. नत्थूजींना तो धरायची हिंमत होईना.