बिनपावाचा गुरुवार

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आर्डिसने खिमा परतायला घेतला. घरात जेवणारी माणसं दोनच, आज लेक जनेल येणार म्हणून तीन, पण वाडगी दोन तऱ्हेची. तिच्या आणि जनेलच्या वाडग्यात तळाला लेट्यूसची चिरलेली पानं, वर खिमा, टोमॅटो, लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या आणि किसलेलं चीज. नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या वाडग्यात नुसता खिमा आणि चीज. तोही पाण्याचा हबका मारून मऊ शिजवलेला, काट्याने दाबून दाबून बारीक केलेला, आणि मेयोनेज, केचप, वाटलेली मोहरी नि लोणच्याचं पाणी घालून केलेल्या सॉसमध्ये पार भिजलेला. लेट्यूस घशाला चिकटतं. टोमॅटोची साल चिकटते. पावाचं तर नावच काढायचं नाही. गिळणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाकी कशावरही तुम्ही माझ्याशी वाद घाला, पावावर नाही. त्याचा घशात गोळा बसतो."

चाळीस वर्षं गावच्या कोठारात गहू चढवला-उतरवला त्या माणसाने, आणि त्यालाच पाव वर्ज्य झाला.

मार्चमध्ये व्हर्लिनला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, घसा काही सावरला नाही. ऑगस्टमध्ये न्यूमोनिया झाला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा. डॉक्टरांनी आर्डिसला बाजूला घेऊन सांगितलं, "अन्न श्वासनळीत उतरतंय. तिसऱ्यांदा असं झालं तर तोंडाने खाणं बंद, पोटात नळी. आणि नळीचं सगळं तुमच्याच्याने घरी व्हायचं नाही." बोलता बोलता त्यांनी तिच्या संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिलं होतं. म्हणजे चाळीस मैलांवरचं शुश्रूषागृह.

त्या दिवशी गाडीतून परत येताना व्हर्लिन एकच वाक्य बोलला. "मला माझ्या टेबलावर जेवायचंय."

पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाने कधी काही मागितलं नव्हतं. दुसऱ्यांदा बटाटे वाढून घ्यायचे तरी दोनदा नको म्हणायचा आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की ताट पुढे करायचा. त्या भागातली रीतच तशी. दोनदा नाही म्हणणं ही सभ्यता, तिसऱ्यांदा नाही म्हणणं हा अपमान. तेव्हा त्याचं ते एक वाक्य आर्डिसने नेमासारखं उचललं. पहाटे स्तोत्र वाचून झालं की ती देवापुढे रोज तेवढंच ठेवायची. माझ्या हातचं त्याला पचू दे, त्याला त्याच्या टेबलावर राहू दे.

गुरुवार हा बर्गरचा वार. लग्नाच्या आधीपासून दोघं दर गुरुवारी गावच्या हॉलमधल्या खाणावळीत, खिडकीजवळच्या टेबलावर बर्गर खायची. आता तिथे जाणं सुटलं. चर्चमधल्या एका बाईने ही पाव नसलेली, वाडग्यातली तऱ्हा तिला लिहून दिली होती, वर 'वीस मिनिटांत जेवण तयार' असंही लिहिलं होतं. व्हर्लिनसाठी बारीक करायचं म्हटलं की विसाची चाळीस मिनिटं व्हायची. आर्डिसला त्याचं काही वाटत नसे.

"आई, कसं चाललंय?" जनेल कोट काढता काढता म्हणाली.

"तसं वाईट नाही."

"ते झालं. पण कसं चाललंय?"

"सहा आठवडे झाले, जनेल. एकदा ठसका नाही की खोकला नाही."

जनेलने पिशवीतून कागदांची एक घडी काढून फ्रिजवर ठेवली. "शुश्रूषागृहात एक खोली रिकामी झालीय. उद्यापर्यंत कळवायचंय. मी भांडायला आले नाहीये."

"मग कागद कशाला आणलेस?"

"तू माझं फोनवर ऐकत नाहीस म्हणून."

"इथेही ऐकणार नाही," आर्डिस म्हणाली आणि काट्याने खिमा दाबू लागली.

व्हर्लिन काठी टेकत आला आणि आपल्या खुर्चीत बसला. जनेलने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. पातळ काही घशाखाली नीट उतरत नाही, म्हणून कॉफीतही एक पांढरी पूड घालून ती दाट करावी लागे. त्याने चमचा कॉफीत उभा करून पाहिला.

"ही प्यायची, की हिने भिंतीला कागद चिकटवायचा?"

"दोन्ही करा, बाबा. मागच्या खोलीचा कागद निघालाच आहे."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी. आर्डिसने वाडगं त्याच्यापुढे ठेवलं. लहान चमचा, हनुवटी खाली, घास गिळायचा, पुन्हा एकदा रिकामं गिळायचं, मग दुसरा घास. सगळं बाईंनी शिकवलं तसं. जनेल आपलं खाणं सोडून बापाच्या गळ्याकडे बघत होती. खोकला आला नाही.

"कसं झालंय?" आर्डिसने विचारलं.

"वाईट नाही," तो हलक्या आवाजात पुटपुटला.

यापेक्षा मोठी शाबासकी त्या गावात कोणी कोणाला दिली नव्हती. पण कोठारातल्या यंत्रात हात सापडून हाड मोडलं होतं, तेव्हाही विचारणाऱ्याला व्हर्लिनने हेच उत्तर दिलं होतं, हे आर्डिसला त्या घटकेला आठवलं नाही. तिने लेकीकडे पाहिलं. बघितलंस, असं ते पाहणं होतं.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "खोकल्यावर विसंबू नका. काहींना खोकला येतच नाही. जेवण झालं की त्यांना मोठ्याने बोलायला लावा. आवाज ओला, गुळगुळता आला तर समजा, अन्न अजून तिथेच आहे." जेवल्यावर नवऱ्याला पोरासारखं 'आ' करायला लावायचं आर्डिसच्या जिवावर आलं. आणि गरज तरी काय होती? जेवणानंतरची प्रार्थना व्हर्लिनच म्हणत असे. त्याच्या वडिलांनी शिकवलेल्या चार ओळी, भरदार आवाजात. ती रोज कान देऊन ऐकायची.

ऑक्टोबरमध्ये इस्पितळातून घरी आला त्याच आठवड्यात तो म्हणाला होता, "आता तूच म्हणत जा. तुझ्या तोंडून बरं वाटतं."

पन्नास वर्षं जो मान घरच्या पुरुषाचा, तो त्याने तिच्या ओंजळीत घातला होता. त्या संध्याकाळी भांडी घासताना तिचे डोळे भरून आले होते. तेव्हापासून ती म्हणायची, तो मान हलवायचा, आणि मग दोघं गप्प बसून राहायची. त्या घरात जेवणानंतरच्या गप्प बसण्याचं कोणाला कधी नवल वाटलं नव्हतं.

आजही तिने हात जोडले. तेवढ्यात जनेल म्हणाली, "आज बाबांना म्हणू दे ना. किती दिवसांत ऐकली नाही."

व्हर्लिनने नाही अशी मान हलवून आर्डिसकडे बोट केलं.

"आई रोजच म्हणते. आज तुम्ही म्हणा, बाबा."

त्याने पुन्हा नकाराची मान हलवली. खाली बघत, अगदी थोडीशी.

आता आर्डिसला राहवलं नाही. लेकीने ऐकावं, तिच्या फ्रिजवरच्या कागदांनी ऐकावं, असं तिला वाटलं. "म्हण ना, व्हर्लिन," ती म्हणाली.

हा तिसरा आग्रह होता.

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं, चमचा खाली ठेवला आणि हात जोडले. पहिलाच शब्द निघाला तो पाण्याखालून आल्यासारखा. तुंबलेल्या मोरीतून बुडबुडे यावेत तसा. त्याने थांबून घसा साफ करायचा प्रयत्न केला, काही साफ झालं नाही. चारही ओळी त्याने तशाच शेवटपर्यंत म्हटल्या, एक शब्द गाळला नाही.

जनेलने तोंडावर हात धरला होता.

"कधीपासून?" आर्डिसने विचारलं.

"आल्यापासून."

"सहा आठवडे? आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू एवढं बारीक करत होतीस," तो त्याच ओल्या आवाजात म्हणाला. "गुरुवार गेला असता."

आर्डिस उठली. कपाटातून थर्मामीटर काढून तिने त्याच्या काखेत लावला. पारा एकशे दोनला टेकला. तिने तो दोनदा झटकून पुन्हा लावून पाहिला, जनेल गाडी गरम करायला बाहेर गेली तेवढ्या वेळात. पारा तेवढाच.

व्हर्लिन वाडग्याकडे बघत होता. "दोन घास उरलेत."

"नको, व्हर्लिन."

बाहेर गाडीचा आवाज आला. तो खुर्चीत पुढे सरकला. "आर्डिस. दोनच आहेत."

"नको रे."

आणखी एकदा मागितलं असतं तर आपण दिलं असतं की नाही, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नसतं. त्याने मागितलं नाही. काठी शोधली, कोटाच्या बाहीत हात घालायला तिची मदत घेतली आणि टोपी स्वतःच घातली. निघताना आर्डिसने फ्रिजवरची कागदांची घडी उचलून आपल्या पर्समध्ये ठेवली.

डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी आर्डिस शुश्रूषागृहात त्याच्या पलंगाशेजारी बसली होती. खोली स्वच्छ होती, खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसत होती. पाच वाजता परिचारिका आली. तिने खुंटीला पिशवी अडकवली, नळी जोडली, "जेवा हं सावकाश" म्हणाली आणि गेली. पिशवीतलं ते दुधट पाणी थेंबाथेंबाने उतरत राहिलं. व्हर्लिन छताकडे बघत होता. आर्डिसने घरून स्वतःसाठी वाडगं भरून आणलं होतं. पाहिलं तर त्यात लेट्यूस नव्हतं, टोमॅटो नव्हता. खिमा तिने नकळत काट्याने बारीक केला होता. तिने झाकण परत लावून वाडगं पिशवीत ठेवलं.

पिशवी रिकामी झाली. तिने हात जोडले, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"राहू दे," व्हर्लिन म्हणाला. "मी म्हणतो."

त्याने चारही ओळी म्हटल्या. आवाज पूर्वीसारखा भरदार होता, स्वच्छ होता. घशात अडकायला आता काही उरलंच नव्हतं.