रेजिनाची गरवायची काठी

मित्रांनो, मी एक जुनी गरवायची काठी आहे. टोकाला दोरी, दोरीला बूच, बुचाखाली लोखंडी गरी, म्हणजे गळ, आणि गरीला गांडूळ, एवढाच माझा संसार. आमच्या जातीला एक खोड असते, ती आधीच सांगून टाकते. माशाची लांबी सांगताना आमचे हात जरा सैल सुटतात. तेव्हा माशाची लांबी तेवढी निम्मी धरा. बाकी सगळं खरं आहे. तेही निम्मंच खरं असतं तर बरं झालं असतं.

माझा जन्म वसईच्या एका वाडीतल्या बांबूच्या बेटात झाला. फर्डिनंड नावाच्या बागायतदाराने मला तोडलं, चुलीच्या धुरावर महिनाभर टांगलं, विस्तवावर शेकून सरळ केलं आणि खोबरेल चोळून चोळून असं गुळगुळीत केलं की माशी बसली तर घसरून पडायची. त्याला दोन मुलगे होते, पण त्यांना पाण्याकाठी गप्प बसायचा कंटाळा. मुलीला नव्हता. तिचं नाव रेजिना. दोन वेण्या, गुडघ्याला चिखल आणि बुचावरून नजर न हलवणारी. फर्डिनंडने मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "घे पोरी. ही तुझ्याहून लांब आहे, पण तू हिच्याहून शहाणी हो."

काय दिवस होते ते! एकदा खाडीवर आम्हाला जिताडा मासा लागला. त्याने रेजिनाला, मला आणि आमच्या होडीला नायगावपासून जे ओढत नेलं ते थेट भाईंदरच्या पुलाखाली. पुलावरून गाडी चालली होती, तर रेजिनाने एक हात सोडून गाडीतल्या लोकांना टाटा केला. निम्मं धरा म्हटलंय ना? बरं, पुलापर्यंत नसेल नेलं. पण हात तिने केला होता. तो मी पाहिला.

मग रेजिनाचं लग्न झालं. वरातीत बँड होता, ट्रंका होत्या, भांडी होती आणि सगळ्यांच्या डोक्यावरून मी मिरवत होते. आळीतला ॲन्सेल्म मोठ्याने म्हणाला, "प्लासिडने बायको आणली की आरमार?" सगळे हसले. प्लासिड, म्हणजे रेजिनाचा नवरा, मुंबईला ऑफिसात जाणारा, अबोल माणूस. तो लाजला. पण त्याची आई लिडियाआय पुढे झाली आणि मला आपल्या हाताने उचलून तिने पडवीत उभं केलं.

त्या घरामागे केळीच्या बागेत एक बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. बागेला त्याचंच पाणी, म्हशी त्याच्यातच आणि मरळ माशांचं माहेरही तेच. दुपारची कामं आटोपली की रेजिना मला खांद्यावर टाकून निघायची. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस चालत नाही, तेव्हा तर आमचा मान विचारू नका. एका शुक्रवारी तिने मरळीचं कालवण केलं आणि लिडियाआयने ताट चाटूनपुसून म्हटलं, "माझ्या सुनेच्या हाताला चव आहे, पण त्याच्याही आधी धीर आहे." हे वाक्य ऐकून मी माझ्या पेरापेरात फुलले होते.

त्याच काठावर एका दुपारी एक मोठी मरळ आमच्या गरीला लागली आणि दोरी तोडून निघून गेली. रेजिनाने तिला नाव ठेवलं म्हातारी. "उद्या बघते तुला," ती पाण्याला म्हणाली.

तो उद्या आला नाही. रेजिनाला दिवस गेले.

लिडियाआय तिला पडवीत अडवून म्हणाली, "बाय गो, आता नको जाऊ. गरवारीने गरवायचं नसतं." गरवार म्हणजे पोटुशी बाई. पोटात लेकरू असताना दुसऱ्याच्या तोंडात गरी कशाला अडकवायची, असं जुन्या बायका मानायच्या. रेजिनाने मान डोलावली आणि मला आढ्याला, वाशांच्या मध्ये सरकवून ठेवलं. जाताना माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. थोड्याच दिवसांचा प्रश्न होता.

सुझान जन्मली. मला वाटलं, आता हात वर येईल. पण सुझान अंगावर पीत होती. मग रांगायला लागली. मग फेबियन पोटात आला, आणि पुन्हा तेच. मग शाळा, डबे, गोवर, म्हैस, लिडियाआयचे गुडघे. हात वर यायचा, पण कशासाठी? चिंचा पाडायला. जळमटं काढायला. नाताळात माझ्या टोकाला कागदाची चांदणी लटकवून मला छपरावर उभं करायचे, आणि लोक चांदणीकडे बघून वा म्हणायचे. काठीकडे कोण बघतो? उरलेली दोरी कुजली. बूच उंदराने नेलं. माझ्या एका पेरात भुंग्याने घर केलं आणि त्याची तीन पोरं तिथेच वाढली. मीही एका परीने आई झाले म्हणायची!

पण एक गोष्ट मी वरून रोज ऐकायची. मुलांना भरवताना रेजिना म्हातारीची गोष्ट सांगायची. पोर एक घास खाई आणि मासा एक वीत वाढे. आधी ती मरळ वल्ह्याएवढी होती. मग दाराएवढी झाली. फेबियन भात नको म्हणाला त्या दिवशी ती चर्चच्या बाकाएवढी झाली, आणि बाकावर बसल्यासारखी तिच्या पाठीवर पाच बदकं बसली. सांगताना रेजिनाचे हात पसरत जायचे, पसरत जायचे, आणि मग तिला आठवायचं की एका हातात घास आहे. ती हात आवरून घ्यायची. मित्रांनो, थापा मला कळतात. ती थाप नव्हती. ती भूक होती.

अशी वर्षं गेली. वसईत इमारती उठायला लागल्या. प्लासिडच्या चुलत्यांनी बावखलाकडची जमीन विकली. रविवारपर्यंत पाणी उपसून मग भराव घालायचा असं ठरलं. शनिवारी सकाळीच धर्मा नावाचा कामगार पाण्याचं इंजिन घेऊन आला आणि पाणी काढायला लागला. तो म्हणाला, "बाय, उद्या दुपारी तळ दिसेल. पानी लय नाय उरलं."

सुझान नाचतच घरात आली. "आई, उद्या चर्चमधली मिस्सा झाल्यावर माझा सगळा वर्ग येणार. म्हातारी बघायला! मी सांगितलंय सगळ्यांना, बाकाएवढी आहे म्हणून."

रेजिनाचा चेहरा उतरला. बावखल जाणार याचं दुःख ती चार दिवस गिळत होती. आता लेकीसमोर खोटं पडायची वेळ आली. आयुष्यात तिच्याकडे स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि उद्या दुपारी ती सगळ्यांसमोर चिखलात उघडी पडणार होती. तिने वर पाहिलं. माझ्याकडे.

लिडियाआय ओट्यावर वाल सोलत होती. "काय बघतेस गो?"

"काही नाही, आय."

"काठी काढायची तर काढ की. उद्यापासून कुठे गरवणार?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

"मी? कधी?"

"सुझानच्या वेळी. गरवारीने गरवायचं नसतं म्हणालात."

लिडियाआयच्या हातातला वाल हातातच राहिला. "अगो बाय माझे, ते पोट होतं तोवर! सुझान माझ्या खांद्याला लागली. तू अजून गरवारच आहेस काय?"

"पण तुम्ही मग जा असं म्हणालाच नाहीत."

"मला वाटलं, तुझाच जीव उडाला त्यातून. मी आपली मरळीच्या कालवणाची वाट बघत बसले. सुनेकडे मागायची लाज वाटली."

कोणी रागावलं नाही. रागवायला एक माणूस लागतो, आणि इथे दोष धरावा असं कोणीच नव्हतं. एकीचं सोडवायचं राहिलं, दुसरीचं विचारायचं राहिलं, आणि मध्ये दोन मुलांचं सगळं बालपण निघून गेलं. मी आढ्यावर होते म्हणून, नाहीतर माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलं असतं. काठीला डोळे नसतात म्हणता? हेही निम्मं धरा.

लिडियाआय दुखऱ्या गुडघ्यांनी उठली. "सुझान, गांडुळं काढ. फेबियन, माझं स्टूल घे."

आम्ही निघालो. नवी गरी, नवी दोरी, बुचाच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण. वाटेत ॲन्सेल्म भेटलाच. "काय गो रेजिना, पोरंबाळं सोडून आईबायांनी हे काय चालवलंय?"

"तू बाप होऊन दिवसभर नाक्यावर बसतोस," लिडियाआय म्हणाली, "तुला कोणी विचारलं काय चालवलंय म्हणून? हो बाजूला. काठी लागेल."

बावखल अर्धं झालं होतं. रेजिना काठावर बसली. तिने दोरी पाण्यात सोडली आणि नजर झाकणावर खिळवली. सुझानने आपल्या आईला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. ती कुजबुजली, "आई, तू वेगळीच दिसतेस."

झाकण बुडालं. मी कमानीसारखी वाकले. भुंग्याने पोखरलेलं पेर कडकडलं. मी स्वतःला म्हटलं, आज मोडायचं नाही. रेजिना उभी राहिली, मागे झुकली, सैल सोडलं, पुन्हा ओढलं, आणि मासा काठावर आला.

म्हातारीच होती. ओठात जुन्या गरीचा गंजलेला तुकडा होता. आणि मित्रांनो, आता मी निम्मं करायला सांगत नाही. ती रेजिनाच्या कोपरापासून बोटांपर्यंत होती. तेवढीच.

रेजिना खाली बसली. "एवढीच होती गो, सुझान," ती म्हणाली.

सुझानने मासा पाहिला. आईला पाहिलं. मग बादली भरून आणली. त्यांनी म्हातारीच्या ओठातल्या दोन्ही गऱ्या काढल्या, जुनी आणि नवी, आणि तिला घराच्या विहिरीत सोडलं. लिडियाआयने कालवणाचा विषयही काढला नाही.

रविवारी तळ दिसला. लोकांनी टोपल्या भरून मासे नेले. सुझानच्या वर्गातली मुलं ओरडली, "कुठे आहे तुझी बाकाएवढी?"

"माझ्या आईने काल पकडली. एकटीने."

"केवढी होती?"

सुझानने हात पसरले. पुरेनात. मग तिने एका मैत्रिणीला धरून नेलं, दूर केळीजवळ उभं केलं, आणि स्वतः पळत परत आली. "डोकं तिथे," ती ओरडली, "आणि शेपटी इथे!"

रेजिना पडवीतून बघत होती. ती हसली, आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला, तो बराच वेळ काढला नाही. तोवर मातीचा पहिला ट्रक आला होता.

आता तिथे इमारत उभी आहे. लिडियाआय त्याच्या पुढच्याच वर्षी वारली. रेजिना मला दर महिन्याला तेल लावते आणि म्हणते, "पुढच्या रविवारी खाडीवर जाऊ." खाडी लांब आहे, खांदा दुखतो, आणि रविवारी घरी पाहुणे असतात. सुझान नर्सिंग शिकायला गेली आहे. मी वाट बघते. बांबूला वाट बघता येते, पण दोरीला येत नाही. ती वापरली नाही की कुजते.

तुमच्याही घरात वर आढ्याला, माळ्यावर, कपाटामागे माझ्यासारखं कोणीतरी असेल. रॅकेट असेल, पोहायचा भोपळा असेल, सायकल असेल. ते कोणाचं, हे विचारून बघा. ते तुमच्या आईचं निघालं तर झटकून, पुसून तिच्या हातात द्या. ती म्हणेल, आता कुठे, कामं पडलीत. तिला कोणी अडवलेलं नसतं, मित्रांनो. फक्त सोडवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि तिला "आता जा" असं म्हणू नका. ती जाणार नाही.

चपला घाला, दारात उभे राहा आणि म्हणा, "आई, चल."