तेल वरून उतरतं

"सील गेलंय," उस्ताद म्हणाले. "खालचं, पात्याजवळचं. अख्खं इंजिन उतरवावं लागेल."

आपल्या दुरुस्तीच्या दुकानात गुडघ्यांवर बसून, गवत कापायच्या मशीनच्या पोटाखाली हात घालून ते चाचपत होते. बोटं बाहेर काढली तर काळ्या तेलाने माखलेली. दवाखान्याच्या बागेचा माळी शेजारी उकिडवा बसला होता.

"काय करायचं ते करा, उस्ताद. उभं केलं की खाली डबकं होतं. साहेब माझ्यावर डाफरतात, फरशी खराब केली म्हणून."

उस्तादांची बायको मशीनच्या दुसऱ्या बाजूला होती. सकाळीच तिने इंजिन रॉकेलने धुऊन, पुसून कोरडं केलं होतं, वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरवली होती आणि थोडा वेळ चालवलं होतं. युक्ती उस्तादांचीच. पांढऱ्यावर जिथून ओली रेघ निघते, तिथे दुखणं. रेघ स्पष्ट होती. वरून, व्हॉल्व्हच्या झाकणाच्या कडेने निघाली होती आणि इंजिन गार ठेवणाऱ्या पाकळ्यांमधून घरंगळत खाली पात्यापाशी जमली होती.

पण उस्तादांना ती दिसत नव्हती. गेल्या वर्षापासून त्यांची नजर मंदावत चालली होती, आणि गेलेली परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. हे दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. दोघंही आपापसात त्याबद्दल बोलत नसत. ती स्वतःशीच बोलल्यासारखं करायची, "हा दहाचा पाना, इथेच ठेवते हं." ते ऐकायचे आणि बरोबर तिथे हात घालायचे. अशी त्यांची गाडी चालली होती.

त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून निसटलं.

"अहो, सील कुठलं! वर झाकणातून गळतंय. एवढी मोठी रेघ दिसत नाही का?"

माळी वाकून बघायला लागला आणि खो खो हसला. "खरंच की! उस्ताद, आता दुकानावर वहिनींच्या नावाची पाटी लावा."

उस्तादही हसले. उठले, चिंधीने एकेक बोट पुसलं. "असेल, असेल," म्हणाले आणि मागच्या खोलीत पाणी प्यायला गेले. माळी जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

तिने झाकण काढलं. आतलं गॅस्केट पापडासारखं कडक झालं होतं. ते खरवडून नवं बसवलं, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. मशीन पुन्हा चालवलं. पावडर पांढरीच्या पांढरी राहिली. तेव्हा तिला आनंद झाला होता. आपलं खरं ठरलं, चारचौघांत ठरलं, याचा आनंद. पुढे तिला खात राहिला तो हाच.

दुसऱ्या दिवशी उस्ताद दुकानात आले नाहीत. "तू आहेस की," म्हणाले. "मी आपली अडगळ." त्यानंतरही आले नाहीत.

एका दुपारी ती जेवायला घरी आली, तर ते खाटेवर बसले होते, पायात बूट. निघायचं म्हणून घातले असावेत आणि तसेच बसून राहिले असावेत.

"तो माळी आला होता हो," ती हसत म्हणाली. "मशीन परत गळतंय म्हणाला. सीलच गेलेलं. तुमचं बरोबर होतं. बदललं मी."

उस्तादांनी मान वर केली. "वरूनही गळत असेल, खालूनही. असतं कधी कधी." मग जरा थांबून, "दांड्याला खाच असते, तिची धार सीलचा रबरी ओठ फाडते. टेप गुंडाळून मग घातलंस ना?"

"हो तर."

"वाकडं नाही ना बसलं?"

"नाही हो, सरळ बसलंय."

एक खोटं पचवायला आणखी दोन बोलावी लागली. पण उस्ताद जेवले, आणि तिच्याबरोबर दुकानात आले. ती वाटभर बडबडत होती आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होती.

पुढच्याच आठवड्यात माळी प्लग घ्यायला आला. दारातूनच ओरडला, "वहिनी, हात आहे का काय आहे! झाकण लावलंत तेव्हापासून एक टिपूस नाही. इकडे फिरकायची वेळच आली नाही बघा."

तिने चटकन उस्तादांकडे पाहिलं. ते पाठमोरे, कामाच्या टेबलापाशी होते.

"नाही गळायचं," ते मागे न वळता म्हणाले. "हिचा हात नेमका आहे. बोल्ट आवळताना घाई करत नाही." मग फळीवर चाचपून प्लगचा डबा काढला आणि माळ्याच्या हातात दिला.

माळी गेल्यावर ती जागची हलली नाही.

"अहो, मी उगाच त्या दिवशी..."

"तेव्हाच कळलं मला. सील बदललं असतंस तर शिव्या घालत घरी आली असतीस. ते काम कुणी हसत सांगत नाही."

"मग आलात कसे?"

"घर खायला उठतं."

तिचे डोळे भरून आले. "मी माळ्यासमोर बोलायला नको होतं."

"गळत होतं तिथे गळतंय म्हणालीस. त्यात काय चुकलं?" उस्ताद परत टेबलाकडे वळले. "जरा हळू म्हणायचं होतंस."

तिने पदराने डोळे पुसले.

टेबलावर दुसरं कुणाचं तरी इंजिन होतं. उस्तादांनी त्याची तेल मोजायची पट्टी उपसली, चिंधीने पुसली, परत बुडवून काढली. डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे फिरवली. एरवी ते अंदाजाने काहीतरी म्हणायचे आणि ती हळूच तेल कमीजास्त करायची. आज त्यांनी पट्टी तिच्यापुढे धरली.

"किती आहे, सांग."

"खुणेच्या खाली. नखभर."

त्यांनी कॅन उचलला. डाव्या हाताने नरसाळं चाचपून धरलं, कॅन तिरका केला आणि तेल ओतत, कान तिच्याकडे लावून उभे राहिले.

"बास," ती हळू म्हणाली.