अस्वलाचा उन्हाळी सूट

अस्वलाला राग यायला कारण लागायचं नाही, पण त्या दिवशी कारण होतं आणि ते खाटेवर पसरून ठेवलेलं होतं. गडद निळा, जाड लोकरीचा, कोपरांवर झिजून चकाकणारा एक सूट.

"मास्तरांनी दिलाय," बहीण त्याच्याकडे न बघता म्हणाली. "त्यांना आता पोटावर बसत नाही. तुला होईल."

अस्वल हे नाव त्याला कोल्ड स्टोरेजमधल्या लोकांनी ठेवलं होतं. फळांच्या पेट्या ठेवायच्या थंडगार खोल्यांचा तो मुकादम. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं तरी हा आत कापूस भरलेल्या जाकिटात, नाकातोंडातून वाफा सोडत माणसांवर गुरगुरत असायचा. उमेदीची सगळी वर्षं त्या जाकिटात गेली. उन्हाळ्यात भर दुपारी चारचौघांत जाऊन बसायची वेळ त्याच्यावर फारशी आलीच नव्हती, त्यामुळे त्याला साजेसे कपडेही त्याच्याकडे नव्हते.

आता ती वेळ आली होती. बहिणीचं लग्न होतं, तेही ऐन उन्हाळ्यात. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून तिला त्यानंच वाढवलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची, चाळिशीला टेकली होती, तरी तो तिला 'बुटके' अशीच हाक मारायचा. पहिलं लग्न मोडून ती परत आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. आता ज्यांच्याशी जमलं होतं ते गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायला जायचं, एवढाच बेत होता.

"म्हणजे त्यांच्या अंगावरचा उतरलेला कोट घालून मी तुझ्या लग्नात मिरवायचं?" अस्वल म्हणाला. "मी काय रस्त्यावर पडलोय?"

"दादा, ऐकून तर घे."

पण त्यानं ऐकलं नाही. सूटचं बोचकं काखेत मारून तो निघाला तो थेट ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात.

मास्तर फळ्यावर रस्त्याच्या खुणा काढून दाखवत होते. समोर बाकांवर शिकणारी मंडळी बसली होती. अस्वलानं सूट मास्तरांच्या टेबलावर आपटला. खडूची डबी खाली पडली.

"हे तुमचं गाठोडं," तो म्हणाला. "बहीण देतोय तुम्हाला, भीक मागायला नाही आलो. तुमची उष्टी लक्तरं तुमच्या ड्रायव्हरला द्या."

 मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. तोंड उघडलं, मिटलं. मग ते खाली वाकले, खडू गोळा करू लागले आणि एवढंच म्हणाले, "ठीक आहे. येईल तुमच्या लक्षात."

म्हणजे काय, ते अस्वलाला कळलं नाही. त्याला वाटलं, चोर सापडला, म्हणून बोलती बंद झाली. पण घरी येताना रस्ताभर जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. त्यामुळे तो आणखीच चिडला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन तो बहिणीला म्हणाला, "चल. सूट घ्यायचा. माझ्या पैशाचा."

पहिलं दुकान काचांचं होतं. विक्रेत्यानं अस्वलाला नखशिखांत न्याहाळलं आणि न विचारता एक चमकणारा जांभळट सूट पुढे केला. "लग्नाला हाच चालतो, काका. एकदम भारी दिसतो."

अस्वलानं घातला. दुकानात एसी होता, तरी काखा ओल्या झाल्या. कापड अंगाला चिकटत होतं, चालताना करकरत होतं. आरशात त्याला एक भला मोठा चॉकलेटचा कागद दिसला.

"ह्यात माणूस शिजेल," तो म्हणाला.

"ह्या बजेटमध्ये असंच मिळतं, काका," विक्रेता हसून म्हणाला.

हसला नसता तर बरं झालं असतं. अस्वलानं कोट असा काढला की एक बटण तुटून जमिनीवर घरंगळत गेलं. बहिणीनं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

मागच्या गल्लीत एक अरुंद दुकान होतं. गेल्या हंगामातला राहिलेला माल तिथं स्वस्तात मिळायचा. दुकानदारीण गळ्यात टेप टाकून पंख्यासमोर बसली होती. तिनं गोड बोलायची तसदी घेतली नाही.

"कुठं घालणार? किती वाजता?"

"दुपारी. लग्न आहे. माझं नाही, हिचं."

"मग काळा नको, गडद निळा नको. चमकणारा तर अजिबात नको." तिनं रांगेतून एक फिकट राखाडी सूट ओढून काढला. "सुती आणि लिनन मिसळलेलं आहे. नुसतं लिनन महाग पडतं आणि बसलं की चुरगळून जातं. हेही चुरगळेल, पण उन्हाळ्यात चुरगळलेलं चालतं, घामेजलेलं नाही चालत. आतून बघा, अस्तर अर्ध्याच पाठीला आहे. वारा खेळतो."

अस्वलानं कोट उलटा केला आणि संशयानं बघितलं. "अर्धं अस्तर म्हणजे अर्धे पैसे वाचवले ना कारखान्यानं?"

"वाचवू द्या की. गार कोणाला वाटणार, कारखान्याला की तुम्हाला?"

ती उठली आणि त्याच्या खांद्याच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "आधी खांदा बघायचा. बाही आखूड करता येते, पॅन्ट कापता येते, कंबर सैल करता येते. खांदा चुकला की सूटच चुकला. हा तुमच्या मापाचा आहे. आणि खालचं बटण लावायचं नाही."

"मग लावलंय कशाला?"

"तुमच्यासारख्यांनी विचारावं म्हणून."

बहिणीला हसू फुटलं. अस्वलाला मात्र हसू येईना. पडद्यामागे जाऊन पॅन्ट चढवताना तो मास्तरांच्या नावानं बोटं मोडायला लागला. पडदा पातळ होता, आवाज जाडा.

"बघ, स्वतःच्या पैशात मिळतं की नाही. तो गाडीवाला मला जुनेर देतो! वर मारे मोठेपणा! तोंडावर फेकून आलो, वर्गासमोर. एक शब्द फुटला नाही त्याच्या तोंडातून."

 बहिणीनं पडदा सर्रकन बाजूला केला. एक पाय पॅन्टमध्ये, एक बाहेर, असा अस्वल उभा होता.

"काय केलंस तू?"

"सांगितलं ना, फेकून आलो."

"मी मागितला होता तो सूट!" ती ओरडली. "मी! ते नको म्हणत होते. दादाला राग येईल म्हणत होते. मीच हट्ट केला. आणि तू त्यांच्या वर्गासमोर..."

"तू मागितलास? माझ्यासाठी? लाज वाटते माझी?"

"हो, वाटते!" तिचा आवाज चिरकला. "तुझ्या कपड्यांची नाही. तू लपतोस त्याची. माझ्या मागच्या लग्नात कुठं होतास तू? ते जाकीट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा होतास, सामान उतरवणाऱ्या माणसांबरोबर. सासूनं माझ्या उंचीवरून सगळ्यांसमोर थट्टा केली, सगळे खिदळले, आणि मी पुढच्या खुर्च्यांकडे बघितलं. आपलं कोणीच नव्हतं. त्याच दिवशी त्यांना कळलं, हिच्या पाठीशी कोणी नाही. पुढं जे झालं ते सगळं तिथून सुरू झालं."

"मला सांगायचंस."

"किती वेळा सांगितलं, सूट घेऊ या म्हणून! तू म्हणालास, मी काय बाहुला आहे?"

म्हणाला होता. अगदी हेच शब्द. अस्वलानं दुसरा पाय पॅन्टमध्ये घातला, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. राग तर मावत नव्हता, पण आता तो कोणाच्या अंगावर सोडावा, हेच कळेना. मास्तर खडू गोळा करत होते तो क्षण डोळ्यांसमोर आला आणि त्याचे कान तापले.

दुकानदारीण टेप घेऊन आली, गुडघ्यांवर बसली आणि पॅन्टच्या घडीला टाचण्या लावू लागली. "भांडण करा," ती म्हणाली, "पण हलू नका."

लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयातला पंखा बंद पडलेला होता. बाहेरच्या व्हरांड्यात मास्तर पांढऱ्या शर्टात उभे होते. अस्वल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. 

"चुकलं माझं," तो अखेर म्हणाला, आणि आवाज असा आला, जणू पेटी नीट न ठेवल्याबद्दल कोणाला दम देतोय.

मास्तरांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "मला फार राग आला होता. अजून आहे. दोन जण शिकायचं सोडून गेले."

"राग असणारच. पण तुम्ही गप्प का बसलात? तिनं मागितला होता, हे तोंडावर मारलं असतंत तर माझं डोकं तिथंच ठिकाणावर आलं असतं."

"तिला शब्द दिला होता, दादाला कळू देणार नाही."

तेवढ्यात कारकुनानं आत बोलावलं. अस्वल पहिल्याच खुर्चीवर जाऊन बसला. खुर्ची लोखंडी आणि तापलेली होती, पण खिडकीतून येणारा वारा नव्या कोटातून पाठीला लागत होता, हे त्याला मान्य करावं लागलं. मागे मास्तरांचे काका बसले होते. सह्यांसाठी नावं पुकारायला वेळ लागला तसे ते शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्यांदा बोहल्यावर उभी राहतेय, आणि थाट बघा. टाचा उंच केल्या म्हणून काय उंची वाढते?"

बहिणीची मान खाली गेली. अस्वल उठला, वळला आणि काकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"पुन्हा बोला," तो म्हणाला. ओरडला नाही. कोल्ड स्टोरेजमधल्या माणसांनी हा आवाज ऐकला असता तर ते पळाले असते. "मी तिचा भाऊ. मला नीट ऐकू आलं नाही."

काकांनी हसायचा प्रयत्न केला. "अहो, गंमत केली."

"माझ्या बहिणीची गंमत करायची नाही. आज नाही, तुमच्या घरी नाही, मी नसतानाही नाही."

"काका," मास्तर टेबलापाशी उभे राहूनच म्हणाले, "तिची माफी मागा, नाहीतर बाहेर जाऊन बसा."

काकांनी इकडेतिकडे बघितलं. कोणीच त्यांच्या मदतीला आलं नाही. शेवटी ते पुटपुटले, "चुकलं, सूनबाई." बहिणीनं मान वर केली. तिनं पेन उचललं आणि सही केली. साक्षीदार म्हणून अस्वलानंही केली, मोठ्या अक्षरात, चौकटीच्या बाहेर जाणारी.

जेवायला जाताना तिघे मास्तरांच्या शिकवायच्या गाडीत बसले. बहीण मागे, अस्वल पुढे. ह्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. मास्तरांचा राग त्यांच्या हातात उतरला होता. वळणावर त्यांनी गाडी अशी घेतली की अस्वलानं पाय दाबला. गाडी गचका खाऊन थांबली. मागून भोंगे वाजले.

"ब्रेकवरून पाय काढा," मास्तर म्हणाले.

"नीट चालवा मग. मागे माझी बहीण बसलीय."

"माझी बायकोही तीच आहे."

"तुम्ही दोघं," मागून आवाज आला, "भांडायचं असेल तर उतरा. मी चालवते."

मास्तरांनी गियर टाकला. गाडी पुढे निघाली, जरा सावकाश. अस्वलानं पाय काढला, पण फार लांब नेला नाही.