अर्धा तास तापू दे

बाळ्या अठ्ठावन्न वर्षांचा होता, पण ताईच्या लेखी बाळ्याच. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन तिने आपलं सिंथेसायझर टेबलावर ठेवलं, तेव्हा त्याने उठून तिला स्टूल दिलं.

"विकून टाक हे," ताई म्हणाली. "कान गेले माझे. त्या कार्यक्रमानंतर ही पेटी उघडलीच नाही मी."

चोराच्या मनात चांदणं. बाळ्याने मान वर केली नाही.

तिचे कान कुठेही गेले नव्हते. गेली होती ती याची अक्कल. तीन महिन्यांपूर्वी, कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, तिने याच पेटीतलं सूर काढणारं मॉड्यूल त्याला जुळवायला दिलं होतं. इनपुटला एक व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जायला हवा. नाही गेला तर मागचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा मोजायचं, पुन्हा फिरवायचा. डोळे मिटून केलं असतं त्याने. फक्त एक पथ्य: आधी मॉड्यूल अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचं, कारण थंड असताना जुळवलेला सूर तापल्यावर सरकतो. हे तो गिऱ्हाइकांना कुणी न विचारता ऐकवायचा. आणि त्या दुपारी घरून जेवायचा तिसरा फोन आला म्हणून या शहाण्याने पाच मिनिटांत काम उरकलं. जेवण गार होऊ नये म्हणून मॉड्यूल गारच जुळवलं.

कार्यक्रमात तो पहिल्या रांगेत होता. वीस मिनिटांत वरचे सूर चढे लागायला लागले. ताई नॉब फिरवून सावरू बघत होती. वरचा जुळला की खालचा बिघडे. साथीचा व्हायोलिनवाला वळून वळून तिच्याकडे बघायला लागला. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले आणि सगळ्यांसमोर तशीच बसून राहिली.

लहानपणी पेल्यांवर चमचा वाजवून बाळ्याला सूर ओळखायला शिकवलं ते हिनेच. आणि कार्यक्रमानंतर घरी जाताना ती त्याला विचारत होती, "यंत्र तर तू आजच जुळवलं होतंस. मग सूर मलाच नीट ऐकू आले नाहीत का रे?"

तो म्हणाला होता, "वय होतं, ताई."

ते वाक्य तीन महिने त्याला खात होतं. आज सांगू, उद्या सांगू करत तो मूग गिळून बसला, आणि आता ती पेटी विकायला आली होती.

"ताई," तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मी त्या दिवशी ते मॉड्यूल तापू दिलं नव्हतं. थंडच जुळवलं. चूक माझी होती."

ताई पुढे झुकली.

"म्हणजे माझे कान ठीक आहेत?"

"माझ्याहून बरे आहेत."

ती हसली. मोठ्याने हसली, मग पदराने डोळे पुसायला लागली. पुसता पुसता थांबली.

"तुला कधी कळलं?"

'आत्ताच' म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"तिथेच," बाळ्या म्हणाला. "पहिल्या रांगेत."

ताईने पदर खाली सोडला. हात पुढे करून पेटीचं बटण दाबलं, दिवे लागले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून तिने स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"तापू दे," ती म्हणाली. "अर्धा तास. मी बसलेय."

घरून जेवायचा फोन आला. बाळ्याने तो उचलला नाही.