तीस पाहुण्यांची पैज

"मी गणितात बी.एस्सी. करणार," असं आमची तेजश्री म्हणाली आणि आमच्या ह्यांच्या घशात भजं अडकलं.

"नक्को! इंजिनीअरिंग सोडून गणित? पुढे काय, विद्यानगरात ट्यूशन्या घेणार?"

"विमा कंपन्या, बँका, हवामान खातं, सगळीकडे गणितवाले लागतात, बाबा."

"किसको लगते?" ह्यांचं अफझलगंजात भांड्यांचं दुकान आहे. आपल्याशिवाय कुणाला काही कळतं, यावर ह्यांचा विश्वास नाही.

मग तेजश्रीने पैज लावली. रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता, तीस पाहुणे येणार होते. "त्यांतल्या दोघांचा तरी वाढदिवस एकाच तारखेला निघेल. निघाला तर गणित, नाहीतर इंजिनीअरिंग."

हे खदाखदा हसले. "दिवस तीनशे पासष्ट आणि माणसं तीस! हौ, मंजूर."

मला धडकी भरली. सोमवारी प्रवेशाची शेवटची तारीख, आणि पोरीने सगळं एका पूजेवर लावलेलं. त्यात हे पक्के व्यापारी. गुपचूप फोन फिरवून ह्यांनी शेजारीपाजारी सगळे कटवले, "प्रसाद घरी पाठवतो" म्हणाले. उरले फक्त ह्यांच्या देगलूरकडच्या गावचे सहा शाळासोबती. मला असा संताप आला की शिरा करपायचाच बाकी होता.

तेजश्रीने पाहुणे पाहिले आणि ओठ चावला. मला वाटलं, आता रडणार.

आरती झाल्यावर तिने विचारलं, "नामदेवकाका, आधार कार्डावर जन्मतारीख काय?"

"एक जून."

"अविनाशकाका?"

"एक जून."

तिसऱ्यांचीही तीच. ह्यांचा चेहरा उतरला, कारण ह्यांचीही तीच! शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख ठाऊक नसे, मग गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे होत.

"हे गणित नाही, मास्तरांचा आळस आहे!" हे ओरडले.

"आकडा कुणी लिहिला, कसा लिहिला, ते आधी बघायचं. त्याचाच पगार मिळतो, बाबा." आता तिला हसू आवरेना. "तीस जण असते तर माझी खात्री सत्तर टक्केच होती. तुम्ही शंभर करून दिलीत."

सोमवारी हेच तिला प्रवेशाला घेऊन गेले. येताना कोठीच्या पुस्तकबाजारात गणिताची पुस्तकं घेतली आणि दुकानदाराला बजावून सांगितलं, "पोरगी माझ्यावर गेलीय."