शेवटचा वाटा

"उचला बाप्पा आता. माश्या बसून राह्यल्या," मुखरू म्हणाला आणि हात धुवायला बाजूला झाला.

चिंचेखाली पळसाच्या पानांवर मटणाचे सात वाटे मांडले होते. पोळ्याचा दुसरा दिवस होता. गेल्या साली याच दिवशी मोहल्ल्यातल्या पंधरा घरांनी मिळून बोकड घेतला होता. यंदा सात घरं जमवायला मुखरूला आठ दिवस दारोदार फिरावं लागलं, आणि बोकडही लहानसाच घ्यावा लागला. बाकीची आठ घरं वहाबच्या मटणाच्या नव्या दुकानाला लागली होती.

मुखरू ब्रह्मपुरीच्या शाळेत चपराशी होता. घंटा वाजवायची, माठ भरायचे, मास्तरांची छत्री उघडून द्यायची, यापलीकडे तिथं त्याला कुणी विचारत नसे. पण मोहल्ल्यात बोकड पडला की गुणवंतराव पाटलांसारखा माणूसही त्याची वाट पाहत ताटकळायचा. तराजू नाही, वजन नाही, नुसत्या हातानं तो असे वाटे घालायचा की डोळे मिटून कुठलाही उचलावा. मांडी, बरगडी, चरबी, हाड, सगळं सारखं. कलेजी नखाएवढी का होईना, पण प्रत्येक पानावर. आणि वाटे घालणाऱ्यानं शेवटी उरेल तो वाटा घ्यायचा, हा नियम. आता, उचलणारे लोक काय साधुसंत थोडेच असतात! शेजारच्या पानावरचा बरा तुकडा बोटानं हळूच आपल्याकडे ओढायचे. मुखरूला ते दिसायचं. तो तोंड फिरवून हात धूत बसायचा. तीस वर्षं त्याच्या घरी मान आणि हाडं गेली, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान!

आजही तेच उरलं. गुणवंतराव आपलं पान उचलताना म्हणाले, "मुखरू, पुढच्या पोळ्याले मले नको धरू गा. वहाब पाहिजे तो तुकडा कापून देते."

"तराजूची दांडी मारता येते, मालक. माह्या हातानं कधी मारली का सांगा."

"तुह्या हाताले कोन नाव ठेवते? पन पसंतीचं भेटत नाई ना गा त्यात."

पसंती म्हणे! वाट्याला येईल ते खायचं असतं, असं मनाशी पुटपुटत तो पान बांधून घराकडे निघाला.

मसाला संपलाय, येताना वहाबकडून आणा, असं बायकोनं, रंभानं सकाळीच बजावलं होतं. त्या दुकानातला मसाला चालेल, मटण चालणार नाही, हा हुकूम मुखरूचाच होता. दोन महिने मसाला रंभाच आणत होती, पण आज तिचे गुडघे धरले होते. म्हणून मुखरू त्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढला.

आत जाऊन तो चाट पडला. एका अंगाला तरटाच्या अर्ध्या पडद्याआड वहाब मटण तोलत होता, आणि दुसऱ्या अंगाला बरण्यांची रांग होती. दगडफूल, जायपत्री, शहाजिरं, खसखस, बारीक शेवया, सुके अंजीर, केवड्याच्या बाटल्या. नागपूरला जाऊन आलेल्यांनी सांगावीत अशी ही सगळी चीजवस्तू. नावं ठेवायच्या तयारीनं आला होता बिचारा, पण एकेका बरणीपाशी वाकून तोही वास घेऊ लागला. बरण्यांपाशी वहाबची म्हातारी आई, शहजादीबी, पानदान घेऊन बसली होती.

"रंभानं मसाला सांगतला हाये," तो म्हणाला.

"अरे, तुमी रंभाबाईचे मालक! या ना भाऊ." म्हातारीनं पुडी बांधता बांधता त्याच्या हातातल्या पानाकडे पाहिलं. "वाटा भेटला वाट्टे. कलेजी आली का यंदा तरी?"

"म्हंजे?"

"अवो, ती मसाला घ्यायले येते, अन् वहाब कलेजी कापते तिकडं पाहात बसते. मी म्हनलं, घेऊन जा पावशेर. तं म्हनते, नाई बी, आमच्या घरी वाट्यातलंच खातेत. मंग मले सांगत होती, पोरीच्या वक्ताले लय मन गेलं होतं म्हने कलेजीवर. मालकाले म्हनलं, दोन तुकडे जास्तीचे ठेवजा. त्यायनं नाई ठेवले." म्हातारी हसली. "पंचवीस वर्साची गोष्ट भाऊ, पन बाई परवाची असल्यावानी सांगे."

ही गोष्ट मुखरूला नवी नव्हती. तीच तर तो आजवर सांगत आला होता, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या ओट्यावर, परक्या गावच्या पाहुण्यांसमोर. 'बायकोच्या डोहाळ्यालेबी मी वाटा वाकडा केला नाई!' लोक वाहवा करायचे. पाण्याचा गडवा घेऊन रंभा तिथंच उभी असायची, तीही हसायची. तिलाही आपल्याइतकाच अभिमान वाटतो असं हा शहाणा पंचवीस वर्षं धरून चालला होता. तिला काय वाटत होतं ते दोन महिन्यांच्या ओळखीत शहजादीबीला कळलं, आणि त्याला कळलं नाही. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की बरण्यांकडे सुद्धा पाहवेना. पुडी घेऊन तो पडद्याकडे वळला.

"काय देऊ भाऊ?" वहाबनं विचारलं. सकाळी वाटा नेलेला इतवारी तिथंच उभा होता. त्यानं डोळे मोठे केले.

"कलेजी दे. पावशेर."

"अलग बांधू?"

"यातच टाक," म्हणून मुखरूनं आपलं पान सोडून पुढे धरलं.

घरी रंभा चुलीपाशी पाय लांब करून बसली होती. तिनं पान ओढून घेतलं, सोडलं आणि तिचा हात थांबला. हाडांवर कलेजीचे लालभडक तुकडे होते, एकेक चांगला चार बोटांचा. तिनं दाराकडे पाहिलं, पदरानं पान अर्धं झाकलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कोनाच्या वाट्यातलं काढलं?"

मुखरू पाहतच राहिला. आवाजात राग नव्हता. ओठांत दाबून धरलेलं हसू होतं, आणि म्हातारपणाकडे झुकलेल्या त्या तोंडावर नव्या नवरीसारखी लाली आली होती.

"गुणवंतरावाच्या का?" ती आणखी पुढे झुकली. "कोनी पाह्यलं तं नाई ना?"

हो म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. पण सरळ बोलायची तीस वर्षांची खोड, ती कुठं जाते!

"छट्! मी कोनाचं काढीन? वहाबच्या दुकानातून आनली. पावशेर, तोलून."

तोंडून गेलं, आणि जीभ तोडून टाकावीशी त्याला वाटली.

"अस्सं," रंभा म्हणाली. तिनं पानावरचा पदर काढून घेतला. "ताजी हाये, चांगली हाये." मग विळी पुढे ओढून ती कांदे चिरायला बसली.